दीड टनाचा इन्व्हर्टर एसी: ऐरोलीतील दोन हिवाळ्यांनंतरचा अनुभव

दीड टन, पाच स्टार, आर-३२ गॅस आणि तांब्याची कॉइल असलेल्या या एसीची बाकी माहिती विक्रेत्याच्या पानावर सविस्तर दिलेली आहे, त्यामुळे ती येथे पुन्हा देत नाही. थंडाव्याबद्दल माझी तक्रार नाही. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेकडे तोंड असलेली आमची खोली तो २६ अंशांवर बिनबोभाट सांभाळतो आणि आवाजही फारसा करत नाही. मात्र एसीची खरी परीक्षा तो बंद असतो त्या तीन महिन्यांत होते, असे दोन हिवाळ्यांनंतर माझे ठाम मत झाले आहे, आणि त्या परीक्षेत या मॉडेलची एक उणीव मला फार खटकते.

पहिल्या हिवाळ्यानंतर, फेब्रुवारीत, वार्षिक देखभाल करारानुसार टेक्निशियन आला. एसी सुरू केल्यावर हवा कमी येत होती आणि कुबट वासही होता. त्याने आउटडोअर युनिटला गेज (गॅसचा दाब मोजण्याचे साधन) लावला, मागच्या मे महिन्यातील नोंदीशी काटा ताडून पाहिला आणि "मॅडम, गॅस उतरलाय, भरावा लागेल" असे सांगितले. खर्च साडेतीन हजार रुपये, आणि तोही कराराबाहेरचा! मी नकार दिला, आणि त्या नकारामागची कारणे येथे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हिवाळा संपताना हाच संवाद नवी मुंबईतील कितीतरी घरांत होत असणार.

एसीतील गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, त्यामुळे तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असलीच पाहिजे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे काही महिन्यांनी तोच खर्च पुन्हा ओढवून घेणे होय. दुसरे म्हणजे, मशीन बंद असताना गेजवर दिसणारा दाब हा गॅसच्या प्रमाणावर नव्हे, तर तापमानावर अवलंबून असतो. नळ्यांत थोडाही द्रव शिल्लक आहे तोपर्यंत आर-३२चा दाब २० अंशांना साधारण २०० पीएसआय (दाबाचे एकक) आणि ३५ अंशांना ३०० पीएसआयच्या आसपास असतो. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी केलेली नोंद फेब्रुवारीच्या सकाळशी ताडून पाहणे मुळातच चुकीचे आहे. चालू मशीनचा दाब कमी दिसण्याचेही एक अगदी साधे कारण असू शकते. इनडोअर कॉइलवरून पुरेशी हवा वाहिली नाही, तर कॉइल जास्त थंड होते आणि दाब खाली येतो. फिल्टर किंवा ब्लोअर (इनडोअर युनिटमधून हवा बाहेर फेकणारा पंखा) तुंबला असला तरी काटा गॅस कमी असल्यासारखाच दिसतो.

मी आधी ब्लोअर उघडून स्वच्छ करण्याचा आणि नंतर गेज लावण्याचा आग्रह धरला. त्यावर ब्लोअर काढणे करारात येत नाही, करारात फक्त फिल्टर धुणे आणि वरवरची सफाई आहे, असे उत्तर मिळाले. ग्राहक सेवा केंद्राशी बराच वाद घातल्यावर वेगळे शुल्क घेऊन ब्लोअर काढण्यात आला. त्याच्या पात्यांच्या फटींमध्ये धूळ आणि काळी बुरशी यांचा घट्ट थर बसलेला होता. तो धुतल्यानंतर दाब व्यवस्थित आला, आणि आत जाणारी व बाहेर येणारी हवा यांच्या तापमानातील फरकही दहा अंशांच्या वर गेला. गॅसचा एक थेंबही भरावा लागला नाही.

येथे मी या मॉडेलच्या त्या उणिवेकडे येते, आणि तिच्याविषयी मी गप्प बसणार नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली 'ऑटो क्लीन' सुविधा एसी बंद केल्यावर जेमतेम काही मिनिटे पंखा फिरवते आणि थांबते. हा काळ वाढवण्याची सोय रिमोटवर नाही आणि ॲपमध्येही नाही. थंडावा देताना कॉइलवर जमलेले पाणी ड्रेन ट्रेमधून निघून गेले, तरी कॉइलच्या पत्र्यांमध्ये आणि ब्लोअरमध्ये ओल उरते. खाडीकाठच्या दमट ऑक्टोबरमध्ये एवढ्या अवधीत ती कशी सुकणार? त्या ओलीवर धूळ चिकटते, नोव्हेंबरमध्ये एसी बंद होतो आणि बुरशीला तीन महिने मोकळे रान मिळते. केवळ काळ निवडण्याची मुभा दिली असती, तर एवढा त्रास टळला असता. निर्मात्याला त्यासाठी एकही जास्तीचा सुटा भाग लागला नसता. यासाठी मी एक स्टार कापला आहे आणि तो परत देणार नाही.

हा एसीच परत विकावा, असे मला त्या वेळी वाटत होते. दुसऱ्या हिवाळ्यानंतर ते मत बदलले, कारण त्याच मशीनमधल्या साध्या 'फॅन' मोडने काम चोख केले. नोव्हेंबरमध्ये कोरडी, लख्ख उन्हाची दुपार निवडून मी आधी फिल्टर धुऊन सावलीत वाळवले, खिडक्या उघडल्या आणि टायमर लावून चार तास फॅन मोड चालू ठेवला. त्यात कंप्रेसर चालत नसल्याने विजेचा खर्च अगदी किरकोळ होतो. त्यानंतर रिमोटमधील सेल काढले आणि एमसीबी, म्हणजे एसीचा वीजपुरवठा तोडणारा बोर्डावरील खटका, खाली केला. हिवाळ्यात महिन्यातून एकदा एसी चालवावा, असा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तो मानला नाही, कारण कूल मोडवर चालवले की कॉइल पुन्हा ओली होते आणि सुकवण्याचे सारे काम पुन्हा करावे लागते. यंदा मार्चमध्ये वास नव्हता आणि हवेचा झोत पहिल्या वर्षीइतकाच होता.

एमसीबी खाली करण्यामागे काटकसर आहे, हे उघडच आहे. बंद एसी पाच वॅट जरी घेत असला, तरी महिन्याला ३.६ युनिट होतात. रक्कम लहान आहे, पण महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या वर दर एकदम चढतो, आणि हिवाळ्यात आमचे बिल त्याच सीमेवर असते. शिवाय पाल पीसीबीवर (एसीच्या आतील इलेक्ट्रॉनिक सर्किटवर) शिरली, तर प्रवाह बंद असलेला बरा.

विक्रेत्याने आउटडोअर युनिटसाठी दिलेले पूर्ण झाकणारे प्लास्टिकचे आवरण मी वापरत नाही. त्यात दमटपणा कोंडतो, आणि ते काढायचे विसरून एसी सुरू झाला तर कंडेन्सरची, म्हणजे आउटडोअर युनिटमधील कॉइलची, उष्णता बाहेर पडणार नाही. वरून फक्त पत्र्याची टोपी आणि बाजूंनी, हवेच्या वाटेपासून अंतर राखून, कबुतरांसाठी जाळी एवढेच पुरेसे आहे. जाळी मात्र एसी बंद करण्याआधीच लावावी, कारण स्थिर युनिट दिसले की कबुतरे घरटे मांडतात, आणि त्यांची विष्ठा ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना खाते.

ऐरोली, कोपरखैरणे, वाशी या खाडीलगतच्या भागांत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ओहोटीच्या वेळी चिखलातून आणि सांडपाण्याच्या नाल्यांतून येणाऱ्या वासात हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि तो तांब्याला काळे पाडून हळूहळू पोखरतो. गॅसची खरी गळती आमच्या भागात बहुधा अशीच सुरू होते. कॉइलच्या पत्र्यांवरचा गंजरोधक निळा थर जाहिरातीत दिसतो, पण कॉइलच्या टोकाची तांब्याची वळणे पुष्कळदा उघडीच असतात. माझ्या युनिटची वळणे तपकिरी आहेत, अजून काळवंडलेली नाहीत. त्यांचा फोटो दर नोव्हेंबरमध्ये तारखेसह काढून ठेवते, म्हणजे वॉरंटीच्या वेळी हाती पुरावा राहील.

मशीनला चार स्टार. देखभाल कराराला एक, आणि त्याचे नूतनीकरण मी केलेले नाही. त्याऐवजी वर्षातून एकदा, मार्चमध्ये, ब्लोअर काढून धुण्याचे काम ठरवून देते आणि गेज जोडण्यापूर्वी हवेच्या तापमानातील फरक मोजून दाखवायला सांगते.