नागपूरच्या बर्डीवरून घेतलेले वॉकिंग शूज: रामटेक पायी, पहिला दिवस
नागपूर ते रामटेक पायी, पन्नासेक किमी, त्यासाठीच घेतले. कामठीपर्यंत डांबरी रोडवर एकदम भारी, टाचेला काहीच त्रास नाही. पण कन्हानचा पूल ओलांडून पऱ्हाटीच्या (कापसाच्या) धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, शॉर्टकट मारला, रात्री पाऊस झालेला आणि आपली काळी माती तर माहीतच आहे, सोलच्या खाचा इतक्या बारीक की चिखल बसला की निघतच नाही, थोडं चाललं की तुराटीनं खरवडत बसा, एकेक पाय किलोभराचा होऊन राहिला होता. जाळीतून पाणीही आत. दुकानदार म्हणे, "भाऊ, वॉटरप्रूफ आहे." काहीही! फोड मात्र एकही नाही, तेवढं मानलं. रोडसाठी घ्या, वावरासाठी नका. साइज थोडा मोठाच घ्या, दुपारनंतर पाय सुजतात.