टोप्या, कागद की ट्रिझ: टीम अडकली की काय काढायचं?

काम अडलं की कुणीतरी म्हणतं, "चला, ब्रेनस्टॉर्मिंग करू." मग दोघं बोलतात, बाकीचे लॅपटॉपात डोकं घालतात आणि शेवटी सीनियरचंच खरं होतं. तुमचं दुखणं हेच असेल तर ६-३-५ घ्या. १९६८ साली बेर्न्ट रोरबाख यांनी मांडलेली ही पद्धत सोपी आहे: सहा जण, पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना, की कागद शेजाऱ्याकडे. सहा फेऱ्यांत, अर्ध्या तासात, १०८ नोंदी. बऱ्याच त्याच त्याच असतात, पण नव्याने लागलेल्या मुलीचं म्हणणंही कागदावर येतं.

टीम गप्प नसून भांडतेय? मोनोलिथ, म्हणजे एकाच तुकड्यात बांधलेलं मोठं सॉफ्टवेअर, तोडायचा की नाही यावर तिसरी मीटिंग चाललीय? मग एडवर्ड डी बोनो यांच्या सहा टोप्या (१९८५). एका वेळी सगळ्यांनी एकच टोपी घालायची: काळीत सगळे धोके शोधणार, पिवळीत सगळे फायदे. एकालाच कायमची काळी टोपी दिली की खेळ बिघडतो. मला लाल, म्हणजे भावनांची टोपी आवडते. ऑन-कॉल असणारा, म्हणजे सिस्टीम बिघडली की ज्याला फोन जातो तो माणूस कारण न देता "मला या मायग्रेशनची (नव्या सिस्टीमवर हलवण्याची) धास्ती वाटते" म्हणू शकतो.

ट्रिझ, म्हणजे तांत्रिक अडचणींवर तोडगा शोधायची पद्धत, वेगळ्याच जातीची. सोव्हिएत संशोधक गेनरिख अल्टशुलर यांनी १९४६ पासून पेटंटं चाळत ती उभी केली, तत्त्वं ४०. मूळ ती यंत्रांसाठीची, त्यामुळे 'उष्णतेने प्रसरण' वगैरे कोडमध्ये बिनकामाचं. पण जिथे दोन मागण्या एकमेकींच्या मुळावर उठतात, तिथे तिला तोड नाही. आमचा विक्रीचा रिपोर्ट घ्या. आकडे ताजे हवेत म्हणून दर क्लिकला तीन वर्षांच्या नोंदींची बेरीज, आणि पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. कॅश लावली, म्हणजे एकदा काढलेलं उत्तर साठवून तेच दाखवलं, तर आकडे शिळे. आठवडाभर याच दोन टोकांत झुललो. मग 'तुकडे करा' आणि 'आधीच करून ठेवा' ही दोन तत्त्वं समोर ठेवली. कालपर्यंतची बेरीज रात्रीच करून ठेवायची, क्लिकला फक्त आजची मिळवायची. जुन्या बिलात दुरुस्ती झाली तर त्या दिवसाची बेरीज पुन्हा करावी लागते, तेवढी कटकट उरली.

तिन्हींत शिकायला जड ट्रिझच. टीमला ४० तत्त्वं पाठ करायला लावू नका, एकाने वाचली तरी पुरे. आणि प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम, पडलं असेल तर यातलं काहीच नको, आधी लॉग (सिस्टीमच्या नोंदी) उघडा.