साठ हजारांची साते-शेगडी: घ्या, पण रुंद घेऊ नका

साठ हजार वाचून दचकू नका, रुपिया आहेत ते, आपले तीनशे-सव्वातीनशे होतात. जकार्तात येऊन आम्हाला दोन वर्षं होत आली आणि संध्याकाळी गल्लीत सातेवाल्याची (साते म्हणजे काडीला ओवून निखाऱ्यांवर भाजलेले मांसाचे तुकडे) गाडी आली की नवरा आणि पोरं ताटं घेऊन गेटपाशी हजर, मग म्हटलं घरीच करू की, त्यात काय एवढं. तर त्यात बरंच काही असतं.

आधी आमचा मूर्खपणा सांगते. मॉलमधून एक ऐसपैस बार्बेक्यू ग्रिल आणली होती, जाळीवाली, चांगली महाग. तिच्यावर बांबूच्या काड्या ठेवल्या की चिकन शिजायच्या आत काड्याच पेटायच्या, तासभर पाण्यात भिजवून पण तेच, आणि गोड मसाला जाळीला असा चिकटायचा की अर्धे तुकडे तिकडेच राहायचे. ती आता कुंड्या ठेवायला वापरतोय.

मग इदुल अधा आली. इथे कुर्बानीचं मटण घरोघरी वाटलं जातं आणि सगळीकडे साते होतात, त्यामुळे आधीचे काही दिवस रस्त्याच्या कडेला कोळसा, काड्या, शेगड्या विकायला बसतात. तिथून ही घेतली. शेगडी म्हणजे काय, पत्र्याच्या पन्हळीला चार पाय लावलेत, तळाला हवेसाठी भोकं. जाळी-बिळी काही नाही. रुंदी वीतभरसुद्धा नाही आणि सगळी गंमत त्यातच आहे, काडी आडवी ठेवली की दोन्ही टोकं काठावर टेकतात, निखाऱ्यांवर फक्त मांस येतं, चिकटायला खाली काहीच नाही. काड्या भिजवायची भानगडच संपली. विकणाऱ्याकडे दुप्पट रुंदीची पण होती, तो तीच गळ्यात मारत होता, नका घेऊ.

कोळसा नारळाच्या करवंटीचा घ्या, तो धूर कमी करतो आणि आच जास्त वेळ टिकते. सोबत बांबूचा विणलेला हातपंखा, तो पाहिजेच, पुठ्ठ्याने वारा घालून हात गळून येतो.

पहिल्या दिवशी मी उत्साहात एवढा वारा घातला की ज्वाळा उठल्या आणि केचाप मानिसमधली (इथला गोड, दाट सोया सॉस) साखर अर्ध्या मिनिटात काळी ठिक्कर, आतलं चिकन कच्चं. गल्लीतले सातेवाले मास (म्हणजे दादा; मदुरा बेटावरचे आहेत, मदुराची साते म्हणजे चिकन आणि शेंगदाण्याची चटणी) गेटमधून बघत होते, म्हणाले, "सबार, बू." बू म्हणजे बाई, आणि सबार म्हणजे आपली सबुरीच! मग त्यांनी दाखवलं, निखाऱ्यांवर राख धरेपर्यंत थांबायचं, काड्या आधी नुसत्याच अर्धवट भाजायच्या, मग केचाप, थोडी चटणी आणि तेल कालवलेल्या ताटलीत बुडवायच्या आणि परत शेगडीवर, आणि चरबी ठिबकून ज्वाळ उठली की काड्या उचलायच्या, पंखा नाही मारायचा. चिकन मांडीचं घ्या, तुकडे बोराएवढे, मधे एखादा कातडीचा तुकडा ओवा. ब्रेस्टचं केलं तर खोडरबर होतं.

केचाप मी बांगोचा वापरते, दाट आहे, रंग छान येतो. शेंगदाण्याच्या चटणीचं तयार पाकीट मात्र एकदा आणलं ते शेवटचं, नाव घेत नाही, नुसती साखर. घरी करा हो, शेंगदाणे तळायचे (कूट नाही चालत, करून बघितलंय), लसूण, लाल मिरची, दोन-चार केमिरी म्हणजे इथली एक तेलकट बी, सगळं दगडी चोबेकवर वाटायचं आणि पाणी, मीठ, गुला जावा घालून तेल सुटेपर्यंत शिजवायचं. गुला जावा दिसायला आपला गूळच, नारळाच्या नाहीतर ताडाच्या रसाचा. वरून लिंबू, कच्चे छोटे कांदे, बाजूला लोंतोंग, म्हणजे केळीच्या पानात शिजवलेल्या भाताची वळकटी.

मटणाची पण केली, पपईच्या पानात तासभर गुंडाळून, मस्त मऊ झाली. योग्याकर्ताजवळ बांतुलला जी साते क्लाथाक मिळते तिला बांबू नसतोच, सायकलच्या स्पोकला मटण ओवतात, लोखंड तापून आतून पण शिजतं, आणि मसाला म्हणजे जवळजवळ नुसतं मीठ. ती या शेगडीवर करायची आहे, नवरा जुने स्पोक शोधतोय.

तक्रारी आहेतच. पत्रा पातळ, तिसऱ्या वेळेलाच मधे वाकला. नवीन असताना कसला तरी उग्र वास येतो, तेव्हा पहिला कोळसा रिकाम्याच शेगडीत जाळून टाका. एका वेळी वीस काड्या मावतात, पाहुणे असतील तर पहिला घास घेणारा आणि शेवटचा यांच्यात तास जातो. आणि एक पाय आखूड आहे, त्याखाली फरशीचा तुकडा लावलाय. पाचपैकी चार देईन. आता तो तुकडा एकटाच अंगणात पडलाय, शेगडी गेल्या रविवारी शेजारच्या इबूंनी (बाईंनी) मागून नेली ती अजून आलेली नाही.