‘ब्लँक चेक ओके’ म्हणून विकलेली फ्लॅश चिप

माझा लॅपटॉप थिंकपॅड एक्स२००, मॉडेल २००८ सालचं. फर्मवेअर म्हणजे मशीन सुरू करणारं, चिपमध्ये बसलेलं मूळ सॉफ्टवेअर. मुक्त फर्मवेअरवाल्यांना हे मशीन प्रिय, कारण यातल्या इंटेल मॅनेजमेंट इंजिनचं, म्हणजे मुख्य प्रोसेसरपासून वेगळ्या चालणाऱ्या इंटेलच्या बंदिस्त यंत्रणेचं, फर्मवेअर पूर्ण काढून टाकता येतं. हे फर्मवेअर ठेवणारी बोर्डावरची फ्लॅश चिप ४ एमबीची होती. लिबरबूट या मुक्त फर्मवेअरसाठी ऐसपैस जागा हवी म्हणून ८ एमबीची बसवायचं ठरवलं आणि मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठला.

एका दुकानात विनबाँड कंपनीच्या पाच चिप्स ६०० रुपयांना मिळाल्या. वर स्वच्छ छापलेलं: २५क्यू६४एफव्ही. ६४ मेगाबिट, म्हणजे ८ एमबी. दुकानदाराने एक चिप प्रोग्रॅमरमध्ये, म्हणजे चिप वाचण्या-लिहिण्याच्या यंत्रात, घातली, यादीतून नाव निवडलं, ब्लँक चेक केला, म्हणजे चिप कोरी आहे का ते बघितलं. ओके. माझी लिबरबूटची फाइलही लिहून दिली. मी व्हेरिफाय करायला, म्हणजे लिहिलेलं परत वाचून फाइलशी ताडायला सांगितलं, तर म्हणाला, “साहेब, ओरिजिनल माल आहे, गिऱ्हाईक खोळंबलंय.” मी ऐकलं, आणि तिथेच फसलो.

घरी हॉट एअरने जुनी चिप काढली, पहिला पाय दाखवणारा ठिपका बघून नवी बसवली. दिवा लागला, पंखा फिरला, स्क्रीन काळीच. दोन रात्री मी स्वतःच्या सोल्डरिंगलाच दोष देत होतो. भिंगाखाली आठही पाय पुन्हा पुन्हा तपासले. तिसऱ्या रात्री चिप काढून सॉकेटमध्ये घातली आणि फ्लॅशरॉम या प्रोग्रॅमने वाचली. चिपच्या आतली ओळख, म्हणजे आयडी, आली ईएफ ४० १६. ईएफ म्हणजे विनबाँड, ते बरोबर. पण ८ एमबीला शेवटी १७ हवं. १६ म्हणजे ४ एमबी. असिटोनचा बोळा फिरवला तर तो काळा झाला, आणि छपाईखाली घासल्याचे ओरखडे दिसले.

ही लबाडी चालते कशी, ते नीट समजून घ्या. ४ एमबीच्या चिपला पुढचा पत्ता दिला की ती पुन्हा सुरुवातीपासून मोजते. कोरी असेल तर दोन्ही फेऱ्यांत सगळं एफएफच, म्हणजे सगळे १ च दिसणार, म्हणून ब्लँक चेक पास. लिहिताना मात्र फाइलचा दुसरा अर्धा भाग पहिल्यावरच बसतो. फ्लॅशमध्ये लिहिताना १ चा ० होतो, ० चा १ होत नाही. त्यामुळे दोन्ही भागांची खिचडी होते. व्हेरिफाय केलं असतं तर जागच्या जागी उघडं पडलं असतं.

म्हणून काउंटरवरच आयडी वाचायला लावा. यादीतून नाव निवडू देऊ नका. शेवटची अक्षरंही बघा: एफव्ही ३.३ व्होल्टची, एफडब्ल्यू १.८ची. आणि काळा सीएच३४१ए हा स्वस्तातला प्रोग्रॅमर असेल तर आधी मल्टिमीटर लावा. त्यातले बरेच डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट देतात.

जुनी चिप मी जपून ठेवली होती, तिची दोनदा वाचून ताडलेली प्रतही होती. नेटवर्कचा मॅक पत्ता, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, त्यातच असतो, तो शाबूत राहिला. तीच चिप परत लावली, लॅपटॉप सुरू झाला.

उरलेल्या चार चिप्स घेऊन दुकानात गेलो आणि आयडी दाखवला. त्याने वाद घातला नाही. चौघींचे पैसे मोजून दिले, चिप्स उचलल्या आणि माझ्यादेखत त्याच खणात टाकल्या.