क्रूझवर केबिन: साइडची बाल्कनी की अगदी मागची?
नुसता व्ह्यूच बघायचा असेल तर माझं मत सरळ मागच्या, म्हणजे आफ्ट बाल्कनीला. साइडच्या बाल्कनीतून एकच बाजू दिसते, किनारा नेमका पलीकडच्या अंगाला असला की समोर नुसतं पाणी, आणि जहाज वेगात असलं की वारा इतका की हातातला चहा लगेच गार. मागे मात्र डावी-उजवी दोन्हीकडचं दिसतं, जहाजामागे पाण्यावर उमटलेला पांढरा फेसाळ पट्टा पार लांबपर्यंत जातो, वाराही बहुतेक वेळा कमीच लागतो. फक्त समोर काय येतंय ते कळत नाही, शिवाय खालच्या डेकवर प्रोपेलरची थरथर जाणवते आणि मागचा भाग वरखाली जास्त होतो, म्हणून ज्यांना बोट लागते त्यांनी साइडचीच, जहाजाच्या मधल्या भागातली घ्यावी.

अलास्काला व्हँकुव्हरवरून उत्तरेकडे एकेरी जाताना साइडची घेणार असाल तर उजवी बाजू बघा, मेनलँड, म्हणजे मुख्य भूमीचा किनारा तिकडेच. अलास्कातल्या ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत बाजूचं टेन्शन नको, तिथल्या मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज सहसा हळूहळू गोल फिरवतात. आणि डेक प्लॅन, म्हणजे कुठल्या मजल्यावर काय आहे तो जहाजाचा नकाशा, बघितल्याशिवाय बुक करू नका, लाइफबोटींच्या लगेच वरची केबिन मिळाली तर खाली वाकलं की बोटींची छपरंच दिसतात!