प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेल्या अ‍ॅल्युमिना मुशी

व्हॅनेडियम ऑक्साइड असलेली फॉस्फेट काच वितळवण्यासाठी मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका दुकानातून मी अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) सहा मुशी, म्हणजे प्रखर उष्णता सोसणारी भांडी, घेतल्या. काचेला फॉस्फेट पुरवणारे अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट तापताना अमोनिया आणि पाण्याची वाफ बाहेर पडून मिश्रण फेसाळते, म्हणून मूस निम्म्याहून कमी भरून आधी 300 अंश सेल्सिअसच्या आसपास बराच वेळ ठेवावी लागते. त्यानंतरचे 1000 अंशांचे तापमान पाच मुशींनी नीट सोसले. सहावी पहिल्याच खेपेला तडकली आणि दुकानदाराने ती बदलून दिली नाही.

माझी खरी हरकत मात्र वेगळी आहे. वितळलेले फॉस्फेट मुशीच्या भिंतीतील अ‍ॅल्युमिना थोडाथोडा विरघळवते आणि तो काचेच्या जाळ्यात शिरून फॉस्फेटच्या साखळ्या एकमेकींशी जोडतो. त्यामुळे काच दमट हवेत अधिक टिकते (मुंबईच्या पावसाळ्यात हा लाभच म्हणायचा), पण विद्युतवाहकता मोजताना घोटाळा होतो. या काचेत वीज वाहते ती चार आणि पाच संयुजेच्या व्हॅनेडियम आयनांमध्ये इलेक्ट्रॉन उड्या मारत असल्यामुळे. आगंतुक अ‍ॅल्युमिनाने हे आयन एकमेकांपासून दुरावले, तर वाहकतेतील घट आपण मोजून घातलेल्या ऑक्साइडमुळे झाली की मुशीमुळे, हे सांगता येत नाही. प्लॅटिनमची मूस अतिशय महाग, शिवाय क्षपणकारक (ऑक्सिजन काढून घेणाऱ्या) वातावरणात फॉस्फरस तिलाही खातो.

विद्यार्थ्यांच्या सरावासाठी मी याच मुशी पुन्हा घेईन, मात्र प्रत्येक मूस एकदाच वापरून.