शॉट लिस्ट, स्टोरीबोर्ड की फोनवरचे फोटो?

शूटिंगला चार दिवस उरलेत, चित्रकला यथातथाच, आणि टीममधलं कुणीतरी ठामपणे सांगतंय की स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉटचं चौकटीतलं चित्र, हवाच. प्रत्येक सीनला खरंच हवा का?

शॉट लिस्ट म्हणजे साधा तक्ता: सीन आणि शॉटचा नंबर, लाँग की क्लोजअप, अँगल, कॅमेरा हलतो का, फ्रेममध्ये कोण. तिची किंमत सेटवर कळते. समजा, टेबलापाशी दोघांचं भांडण आहे, शॉट सहा. पडद्यावर ते १ ते ६ असेच दिसतील. पण १, ३, ५ला कॅमेरा एकाच जागी असेल तर ते सलग उरकायचे, मग लाइट हलवून २, ४, ६. लिस्ट नसेल तर तोच लाइट पाच वेळा इकडून तिकडे न्याल.

स्टोरीबोर्ड मात्र गोष्टीच्या क्रमाने, म्हणजे एडिटिंगच्या अंगाने चालतो. वरच्याच भांडणात कॅमेरा दोघांमधली काल्पनिक रेषा ओलांडून पलीकडे गेला, तर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. भांडण भिंतीशी चाललंय असं वाटतं. तक्त्यात ही चूक दडून राहते. काडीच्या माणसांच्या चित्रातही ती सापडते, फक्त नाक कुठल्या बाजूला ते दाखवा. चौकट फिल्मच्याच मापाची हवी; रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९ असेल तर १६:९. आणि वहीत नको, सुट्या कार्डांवर काढा. १९३०च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत चित्रं फळ्यावर टाचून लावत. नको ते काढता येई, क्रम बदलता येई.

तिसरा मार्ग आळशांचा वाटतो, पण मला तोच आवडतो: लोकेशनवर मित्रांना उभं करून फोनने फोटो. कागदावरची खोली हवी तेवढी मोठी होते. फोटो काढताना मागे सरकलात की पाठ भिंतीला टेकते. फक्त फोनच्या वाइड लेन्सवर विसंबू नका, शूटिंगच्या कॅमेऱ्यात तेवढं मावेलच असं नाही.

मी असं करेन: लिस्ट सगळ्या फिल्मची. संवादाच्या सीनला सोबत खोलीचा वरून दिसणारा नकाशा, त्यात माणसं आणि कॅमेऱ्याच्या जागा. चौकटी फक्त पाठलाग, मारामारी किंवा बिनसंवादाच्या सीनच्या. लोकेशन मिळालं असेल तर फोटो, नाहीतर पेन्सिल. कॅमेरा हलणार असेल तिथे एका शॉटच्या दोन चौकटी, सुरुवातीची आणि शेवटची, मध्ये बाण.